हा आला, हा येतो

शार्दूल लिमयेचं आणि त्याच्या सासऱ्यांचं बोलणं बंद झालं ते मटारमुळे.

मटार गोठवलेले होते, पिशवीत होते, आणि ती पिशवी लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये, शार्दूलच्या घरात, हॉलवेच्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटच्या नाकासमोर सुतळीने टांगलेली होती. थर्मोस्टॅट हे फार भोळं यंत्र. त्याला स्वतःभोवतीच्या वीतभर हवेपलीकडे जग माहीत नसतं. मटार पाहून त्याची समजूत झाली की घरात हिमयुग सुरू झालंय, आणि त्याने बॉयलर दिवसभर पळवला. संध्याकाळी शार्दूल ऑफिसातून आला तेव्हा बाहेर गवत कडक झालं होतं आणि घरात नागपूरचा मे महिना चालू होता. त्या मे महिन्याच्या मधोमध मुरलीधरराव भोयर बनियनवर उभे होते.

"हे काय आहे?" शार्दूलने विचारलं.

"मटार," मुरलीधरराव म्हणाले.

त्या संध्याकाळी मटारची उसळ झाली. ती मुकाट्याने खाल्ली गेली, आणि तिथून पुढे दोघांमधलं सगळं दळणवळण चैत्रालीमार्फत सुरू झालं. चैत्राली एकाची बायको, दुसऱ्याची मुलगी आणि आता दोघांचंही टपालखातं.

साल दोन हजार पाच संपत आलं होतं. मुरलीधरराव एसटी महामंडळातून निवृत्त होऊन, ऑक्टोबरात सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर मुलीकडे आले होते. चैत्रालीच्या आईने विलायतेच्या थंडीचं वर्णन फोनवर ऐकूनच नकार दिला होता. परतीचं तिकीट असं होतं की तारीख पुढे-मागे करता येईल. शार्दूलने ते स्वस्त पडतं म्हणून घेतलं नव्हतं, तर सासरे कंटाळून लवकर परततील या आशेने घेतलं होतं. तारीख मागेही घेता येते हे मुरलीधररावांनी ऐकलंच नाही. त्यांना 'पुढे' एवढंच ऐकू आलं.

"माझी पोट्टी शीतगृहात राहून राहिली," त्यांनी जाहीर केलं. "हॉलवेत भट्टी अन् झोपायच्या खोलीत बर्फ. वरच्या खोल्या नीट तापल्याशिवाय मी या घरातून हलत नाही. तापल्या की दुसऱ्या दिवशी तिकीट पक्कं करतो. शब्द आहे माझा."

शार्दूलला या जगात आता एकच गोष्ट हवी होती. मुरलीधररावांनी जावं.

पण 'जावं' हा शब्दही त्या घरात उच्चारता येत नव्हता, ही आणखी एक पंचाईत. मुरलीधररावांच्या लेखी 'जातो' म्हणणं म्हणजे यमाला पत्ता देणं. मटारच्या आधी, बोलणं चालू होतं त्या दिवसांत, शार्दूल सकाळी दारातून "जातो" म्हणाला की ते त्याला बूट घातलेला परत बोलवायचे. "जातो म्हणू नये. येतो म्हणावं." मग शार्दूल आत यायचा, पुन्हा बाहेर पडायचा, "येतो" म्हणायचा आणि लंडनची गाडी चुकवायचा. भोयरांच्या घरातून आजवर कुणीही गेलेलं नव्हतं. त्यांची मांजरसुद्धा येते म्हणूनच बाहेर पडली होती, आणि एकोणीसशे शहाऐंशीपासून तिची वाट बघणं चालू होतं.

टपालखात्याचं सुरुवातीला बरं चाललं होतं, कारण चैत्राली निरोप पोचवताना त्यातली नखं काढायची. शार्दूल म्हणायचा, "त्यांना सांग, हे घर आहे, सौना नाही." ती म्हणायची, "बाबा, शार्दूल म्हणतो थोडं कमी ठेवूया का?" मुरलीधरराव म्हणायचे, "सांग त्याले, पुण्याच्या माणसाच्या अंगातच ऊब नसते, त्याले काय कळते?" ती म्हणायची, "बाबांना थंडी वाजतेय रे."

एक दिवस दोघांनीही हे भिंतीआडून ऐकलं आणि दोघेही तिच्यावर उखडले. माझं म्हणणं बदलतेस, असा दोघांचा एकच आरोप होता. त्या लग्नानंतर दोघांचं ज्यावर एकमत झालं अशी ही पहिली गोष्ट.

"ठीक आहे," चैत्राली म्हणाली. तिचा आवाज बॉयलर बंद केल्यासारखा झाला होता. "आजपासून मी शब्द पोचवणार. जसेच्या तसे. अर्थ ज्याचा त्याने बघावा. मला कुणीही काहीही विचारायचं नाही."

वरच्या खोल्या तापवायच्या तर प्लंबर हवा. प्लंबरने मार्चमधली तारीख दिली. हे ऐकून वरून निरोप आला: "बाबा म्हणतात, पुण्याच्या इंजिनियरले एक नळ बदलता येत नाही काय? तर मार्चपर्यंत मी आहोच."

त्या शनिवारी शार्दूलने लायब्ररीतून पुस्तक आणलं आणि ते जेवायच्या टेबलावर अशा आवाजात आपटलं की तो निरोप टपालाशिवाय पोचावा.

पुस्तक सोपं होतं. घरातल्या रेडिएटरना जुने चाकाचे व्हॉल्व्ह होते. ते एक तर उघडे असायचे नाहीतर बंद. त्यांच्या जागी नवे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवायचे. हा व्हॉल्व्ह खोलीतली हवा स्वतः चाचपतो आणि खोली हवी तेवढी तापली की गरम पाण्याची वाट आपली आपण अडवतो. म्हणजे प्रत्येक खोलीचं हवामान वेगळं. फक्त हॉलवेतल्या रेडिएटरला तो लावायचा नाही, कारण तिथे भिंतीवर मुख्य थर्मोस्टॅट आहे, आणि एका जागी हुकूम सोडणारे दोन जण असले की बॉयलरला वेड लागतं. हा भाग शार्दूलला इतका पटला की त्याने तो मोठ्याने वाचला. वरून खाकरल्याचा आवाज आला.

दुकानातल्या माणसाने सगळ्यात स्वस्त व्हॉल्व्ह काढून दिले आणि त्यांच्या अंगावरचा बाण दाखवला. "पाणी रेडिएटरमध्ये शिरतं त्या पाईपवर लाव, मेट. बाण पाण्याच्या दिशेने. हे स्वस्तातले आहेत, यांना उलटं पाणी चालत नाही. चुकलास तर घर ठोकायला लागेल."

"ठोकायला म्हणजे?"

"कळेल," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला.

आता प्रत्येक रेडिएटरला दोन टोकांना दोन पाईप. एकातून गरम पाणी येतं, दुसऱ्यातून काम करून बाहेर पडतं. दिसायला दोन्ही जुळे. ओळखायची रीत अशी की थंडगार बॉयलर सुरू करायचा, खोलीत एका माणसाने दोन्ही पाईपांना हात लावून बसायचं आणि कुठला काय करतोय ते सांगायचं. शार्दूलला खाली बॉयलरपाशी थांबणं भाग होतं. वर कोण बसणार? त्या घरात रेडिएटरला हात लावून बसण्याचा अनुभव असलेला माणूस एकच होता, आणि तो आत्ताही तिथेच बसलेला होता.

शार्दूल स्वयंपाकघरात, मुरलीधरराव वर, चैत्राली जिन्यात. असं राजनैतिक संबंधांचं चित्र तयार झालं.

"त्यांना विचार," शार्दूल ओरडला, "कुठला पाईप येतो आणि कुठला जातो."

"बाबा, तो विचारतोय, कुठला पाईप येतो आणि कुठला जातो."

बॉयलर घरघरला. मग मुरलीधररावांचा आवाज आला. "हा खिडकीकडचा आला." थोडा वेळ गेला. ते अडखळले, तोंडाशी आलेला शब्द गिळला आणि म्हणाले, "अन् हा दाराकडचा... येतो."

"खिडकीकडचा आला, दाराकडचा येतो," चैत्रालीने पोचवलं.

शार्दूल पाना हातात धरून उभा राहिला. हाही आला आणि तोही येतो. मग जातो कोण? सगळ्यात आधी कुठला पाईप तापला, एवढं विचारलं असतं तर विषय मिटला असता. पण सासऱ्यांना दुसरा प्रश्न विचारणं म्हणजे पहिला आपल्याला कळला नाही हे कबूल करणं. शार्दूल एका कंपनीत सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करत होता. अर्धवट वाक्यांतून क्लायंटला काय हवंय हे ताडण्याचा त्याला पगार मिळायचा. त्याने विचार केला. 'आला' हा भूतकाळ. म्हणजे काम झालं, फिरून झालं, घरी परत आला. 'येतो' हा वर्तमानकाळ. ताजं पाणी, आत्ता येतंय ते. आपल्याच हुशारीवर तो मनातल्या मनात थोडा हसलासुद्धा.

"जो येतो त्याला खूण कर!"

चैत्राली वर गेली. स्वतःच्या कपाळावरची लाल टिकली काढून तिने दाराकडच्या पाईपवर लावली. ती वर जाताना शार्दूलने जिन्याकडे पाहिलं असतं तर त्याला तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असतं, पण तो पान्याकडे बघत होता. बाकीच्या खोल्यांतही तसंच झालं. हा आला, हा येतो. येतो त्याला टिकली.

मग शार्दूलने सगळ्या यंत्रणेतलं पाणी रबरी नळीने मागच्या अंगणात सोडलं. पाणी शाईसारखं काळं आलं आणि गवत दुखवट्यात गेलं. जुने नट एका पान्याने धरून दुसऱ्याने सोडवले. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, पितळेची कडी चढवली, नवा व्हॉल्व्ह बसवला, बाण रेडिएटरच्या दिशेने, टिकलीच्या बाजूला. हे सगळं इतकं पुस्तकाबरहुकूम झालं की एक थेंबही गळला नाही. पाणी भरलं, रेडिएटरमधली हवा काढली, बॉयलर सुरू केला. खोल्या तापू लागल्या.

"त्यांना सांग," शार्दूल हात पुसत म्हणाला, "तिकीट पक्कं करा."

चैत्राली निरोप घेऊन चार पायऱ्या चढली असेल, आणि घर ठोकायला लागलं.

आधी एक ठक्. मग ठक् ठक्. मग कुणीतरी भिंतीत कोंडलेला माणूस हातोडी घेऊन सुटकेची मागणी करतोय तसा एकसारखा दणदणाट. खोली थंड असेपर्यंत व्हॉल्व्ह गप्प होते. खोली तापली, ते मिटू लागले, आणि मिटता मिटता आपटू लागले. सोय अशी झाली होती की त्या घरात ऊब मिळत होती किंवा शांतता मिळत होती. दोन्ही एकदम मागायची नाही.

पहिली तक्रार शेजारून आली. शशीबेनच्या आणि यांच्या घराची मधली भिंत एकच होती. त्या दारात आल्या त्याच रडवेल्या होऊन. "बेटा, मेरे भजन से तकलीफ है तो बोल दो. ऐसे दीवार नहीं ठोकते." शार्दूल पाण्याबद्दल, दाबाबद्दल, बाणाबद्दल बोलला. त्यांनी ऐकून घेतलं, घरी गेल्या आणि लाटण्याने भिंत ठोकून उत्तर दिलं. पाईप ठोकायचे, शशीबेन ठोकायच्या. संपूर्ण आठवडा दोन्ही घरांत असा सवाल-जबाब रंगला आणि पाईपांनी एकदाही माघार घेतली नाही.

शार्दूलने सगळे बाण तपासले. बरोबर. सगळ्या टिकल्या तपासल्या. जागच्या जागी. पुस्तक तपासलं. मग राहिलं कोण? त्याने रविवारी दुपारी हॉलवेत उभं राहून आवाज चढवला.

"चैत्राली, त्यांना विचार, हे मुद्दाम काठीने पाईप ठोकतायत का! तिकीट पुढे ढकलायचं म्हणून!"

"बाबा, हे मुद्दाम काठीने पाईप ठोकताय का, तिकीट पुढे ढकलायचं म्हणून," चैत्राली म्हणाली. ती जिन्याच्या मधल्या पायरीवर गाजर सोलत बसली होती आणि तिने वर किंवा खाली पाहिलंही नाही.

मुरलीधरराव जिन्यावरून उतरले. अंगात कोट, डोक्यात माकडटोपी. "सांग त्याले," ते शार्दूलच्या तोंडावर, हातभर अंतरावरून म्हणाले, "माझ्याजवळ काठी नाही. काठी असती तर मी पाईप काहून ठोकले असते? दुसरं ठोकण्यासारखं आहे ना या घरात."

"बाबा म्हणतात, त्यांच्याजवळ काठी नाही. काठी असती..."

"ऐकलं मी!"

"अन् सांग त्याले, या कटकटीत मले बसवत नाही. मी येतो!"

आणि मुरलीधरराव दार उघडून थंडीत निघून गेले.

शार्दूल उघड्या दाराकडे बघत राहिला. फाटकाबाहेर माकडटोपी बसस्टॉपच्या दिशेने लहान लहान होत चालली होती. येतो म्हणाले आणि गेले. येतो म्हणाले. गेले. वर, बेडरूममध्ये, पाईपने ठक् केलं.

"चैत्राली," तो सावकाश म्हणाला, "दाराकडचा पाईप... येतो म्हणजे..."

"जातो," चैत्राली म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"मी त्याच घरात वाढले ना रे. बाबा वर्धा स्टँडवर माईकवर असायचे. सुटणारी गाडीसुद्धा 'येते आहे' म्हणून पुकारायचे. लोक बाकावर बसून राहायचे आणि गाडी निघून जायची. मग त्यांची बदली पार्सल खात्यात केली."

"मग तू बोलली का नाहीस?"

"मी शब्द पोचवत होते." तिने गाजर पातेल्यात टाकलं. "अर्थ तू बघणार होतास. भूतकाळ-वर्तमानकाळ वगैरे बघितलेलं दिसलं मला तुझ्या तोंडावर."

"अगं, आठवडाभर ती बाई भिंत ठोकतेय!"

"शब्द बदलते म्हणून कोण ओरडलं होतं? मी पण ऐकतेय की आठवडाभर. मला वाटलं, तुम्हा दोघांपेक्षा बरं आहे."

मुरलीधरराव चहाच्या वेळेला आले, अर्थातच. शार्दूल तेव्हा पुन्हा अंगणात काळं पाणी सोडत होता. "त्यांना सांग," तो त्यांच्या समोरच म्हणाला, "आजपासून या घरातून जो बाहेर पडेल त्याने जातो म्हणायचं. येतो म्हणायचं नाही. पाणी असो नाहीतर माणूस. हा नियम आहे."

चैत्रालीने नियम पोचवला. शब्द न् शब्द.

मुरलीधररावांनी तो डोकं थोडं तिरकं करून ऐकला आणि ते चहाला आत गेले.

सगळे व्हॉल्व्ह उलट टोकाला गेले. टिकल्या तशाच राहिल्या, फक्त त्यांचा अर्थ बदलला. पाणी भरलं, बॉयलर सुरू झाला, खोल्या तापल्या, व्हॉल्व्ह मिटले. आवाज आला नाही. शशीबेननी सवयीने दोनदा लाटणं आपटलं, उत्तर मिळालं नाही, आणि त्यांचं भजन विजयी सुरात वाढलं. मुरलीधरराव त्यांच्या खोलीत बनियनवर बसले, रेडिएटरवर हात न ठेवता. तासाभराने निरोप आला.

"बाबा म्हणतात, तापलं."

"एवढंच?"

"शब्द तेवढाच आहे."

पण माणूस शब्दाला जागला. दुसऱ्याच दिवशी तिकीट पक्कं झालं.

निघायच्या सकाळी टॅक्सी दारात उभी होती. मुरलीधररावांनी दोन स्वेटर, कोट आणि माकडटोपी घातली होती. नागपूरला उतरल्यावर त्यांचं काय होणार हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग वळले आणि मटारनंतर पहिल्यांदाच, मधे कुणालाही न घेता, सरळ शार्दूलशी बोलले.

"तुमचं घर, तुमचा नियम," ते म्हणाले. "जातो."

चैत्रालीचा चेहरा पांढरा झाला.

शार्दूलला हवा तो शब्द, हव्या त्या माणसाच्या तोंडून, हव्या त्या उंबऱ्यात मिळाला होता. आता फक्त दार लावायचं होतं. त्याऐवजी त्याचा हात पुढे झाला आणि त्याने सासऱ्यांच्या बॅगेची मूठ पकडली.

"असं नका म्हणू."

"काहून?"

"विमानाने चाललाय तुम्ही."

"मग पायी जाऊ?"

"येतो म्हणा."

"अन् नियम?"

"नियम पाण्याचा होता."

"पाणी असो नाहीतर माणूस," मुरलीधरराव म्हणाले. "पोरीने बरोबर पोचवलं होतं. सोडा बॅग."

"येतो म्हणा, मग सोडतो."

टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. मुरलीधररावांनी बॅग ओढली, शार्दूलने ओढली. दोघेही दात ओठ खात होते. ऑक्टोबरापासून ज्याला घालवायला टपला होता त्याला हा इसम आता बॅगेसकट आत खेचत होता, आणि आपण हे का करतोय हे त्याला कुणी विचारलं असतं तर त्याने त्या माणसालाही बाहेर काढलं असतं. शेवटी मुरलीधररावांनी बॅग सोडली आणि ते शांतपणे जिन्याच्या पायरीवर बसले.

"मग विचार करतो," ते म्हणाले. "विमान काय, उद्याही असते."

शार्दूलने टॅक्सीवाल्याला हाताने थांबायची खूण केली. "अहो बाबा, एक शब्द आहे!"

"मी शब्द उगाच देत नाही, जवाईबापू. येतो म्हटलं की मले यावं लागते."

शार्दूलने थर्मोस्टॅटकडे पाहिलं. मग चैत्रालीकडे. ती कुठलाच निरोप पोचवत नव्हती.

"म्हणा," तो म्हणाला.

"येतो," मुरलीधरराव उठत म्हणाले. "ऑक्टोबरात. तुमच्या सासूबाईंले घेऊन. आता तिलेही हरकत नाही. घर तापते."

बॅग सुटली. टॅक्सी कोपऱ्यावरून वळली. शार्दूल वर गेला, रिकाम्या खोलीतला व्हॉल्व्ह पाचच्या आकड्यावरून पार खाली फिरवण्याआधी गुडघ्यांवर बसून टिकली लावलेल्या पाईपला कान लावला. आत पाणी निघून चाललं होतं. ते मात्र काहीही म्हणालं नाही.